मांजर न्यायचं, तर घरासकट

कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचं, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. घर बदलायची वेळ आली की या एका समजुतीतून दोन तऱ्हेचे निर्णय निघतात. काही जण मांजर तिथेच सोडून जातात. शेजारी दूधपोळी घालतील, नव्या भाडेकरूलाही उंदरांचा त्रास होणार नाही, अशी मनाची समजूत घालून टेम्पो सुटतो. बाकीचे मांजर नेतात, पण सामानासारखं. फ्रीज गेला, सिलिंडर गेला, कुंड्या गेल्या, आणि सगळ्यात शेवटी रिकाम्या घरात पाठलाग करून पकडलेलं मांजर कोणाकडून तरी मागून आणलेल्या पिंजऱ्यात कोंबलं जातं. पहिला निर्णय कठोर वाटतो, दुसरा व्यवहारी. मूळ मात्र दोन्हींचं एकच आहे. मांजर घराला धरून असतं हे खरंच. पण ते ज्या घराला धरून असतं, ते इंडेक्स टूवर क्षेत्रफळासह नोंदलेलं घर नव्हे. त्याचं घर बऱ्याच अंशी उचलून नेता येतं. ते आधी उचललं, तर मांजर त्याच्यामागून येतं. ते जुन्या जागीच राहिलं, तर गाडी कितीही सावकाश चालवली तरी उपयोग होत नाही.

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर इथल्या फ्लॅटमध्ये हा प्रश्न आता जरा जास्तच भेटतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा करण्याची रीत आहे. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं किंवा भाडं परवडेनासं झालं की बिऱ्हाड उचलायचं. इमारत पुनर्विकासाला गेली तर एकदा भाड्याच्या जागेत आणि काही वर्षांनी परत, असे दोन फेरे ठरलेलेच. अशा घरांतलं मांजर बहुधा चौथ्या-पाचव्या मजल्यावर वाढलेलं असतं. जिना त्याने पाहिलेला नसतो आणि पार्किंग म्हणजे खिडकीतून दिसणारी गोष्ट. वाड्यातलं, अंगणातलं, कौलांवरून फिरणारं मांजर आपल्या म्हणींत आहे. फ्लॅटमधलं मांजर त्या म्हणींना ठाऊक नाही. म्हणून त्याच्याबद्दल थोडं नव्याने विचार करायला हवा.

पाळीव मांजराचा पूर्वज फेलिस लिबिका हा पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतला रानमांजर. जनुकीय अभ्यासातून 2007 साली हे नातं पक्कं झालं. माणसाच्या सहवासाचा एक जुना पुरावा सायप्रस बेटावर मिळाला; सुमारे 9,500 वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं एक मांजर तिथे उत्खननात सापडलं. सायप्रसवर मुळातली मांजरं नव्हती, म्हणजे ते समुद्रावरून नावेत घालून नेलेलं असणार. माणसाने मांजराचं स्थलांतर केल्याची ही इतकी जुनी नोंद आहे! पण कळपाची सवय असलेल्या लांडग्यापासून कुत्रा झाला आणि एकट्याने हद्द सांभाळणाऱ्या रानमांजरापासून मांजर झालं, हा फरक इतक्या हजारो वर्षांत पुसला गेलेला नाही. एकट्याने शिकार करणाऱ्या प्राण्याला आपल्या हद्दीची खडान्‌खडा माहिती लागते, आणि ती माहिती तो मुख्यतः वासाने साठवतो. मांजर दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला, आपल्या पोटरीला गाल घासतं तेव्हा गालाच्या ग्रंथींतला स्राव तिथे लावत असतं. पंजे ओरबाडतानाही तेच. टाळूत असलेल्या जेकब्सनच्या इंद्रियाने ते या खुणा पुन्हा वाचतं. ज्या जागेला या खुणा आहेत ती जागा ओळखीची, म्हणून सुरक्षित. मांजरांच्या पशुवैद्यकांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2013 साली घरातल्या मांजराच्या गरजांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतल्या पाच आधारस्तंभांपैकी एक सगळाच्या सगळा वासासाठी आहे.

आता घर बदलताना आपण काय करतो ते पाहा. निघण्याआधी सोफ्याची कव्हरं, चादरी, पायपुसणी धुऊन टाकतो. ‘नव्या घरी जुनी घाण कशाला’ म्हणून मांजराची मळकी गोधडी कचऱ्यात जाते. नव्या घराला ताजा रंग दिलेला असतो, फरशी फिनाईलने पुसलेली असते आणि वास्तुशांतीचा धूर कोपऱ्याकोपऱ्यात फिरलेला असतो. आपल्या डोळ्यांना हे सगळं शुभ आणि स्वच्छ. मांजराच्या नाकाच्या हिशेबाने त्याचं घर तोडून झालं आहे आणि वर उग्र वासाचा लेप दिलेला आहे. मग ते तीन दिवस वॉशिंग मशिनमागे बसून राहतं आणि आपण म्हणतो, बघा, जुन्या घराची आठवण काढतंय. न धुतलेली एक चादर, जुनी गोधडी, ओरबाडून चिंध्या झालेला दोरीचा खांब आणि वापरलेल्या वाळूतली ओंजळभर वाळू एवढं नव्या खोलीत मांजराच्या आधी पोचलं, तर बरंच घर तिथे पोचलेलं असतं. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. बाजारात मांजराच्या गालातल्या स्रावासारख्या कृत्रिम गंधाचे फवारे मिळतात. त्यांच्याविषयी पुरावा मात्र उलटसुलट आहे. 2010 साली झालेल्या एका आढाव्यात त्यांच्या उपयोगाला पुरेसा आधार सापडला नव्हता. फवारा मारायचा तर मारावा, पण गोधडी फेकून तो विकत आणणं म्हणजे उलटा व्यवहार झाला.

यावर कोणी विचारेल, सगळं घर वासातच असेल तर माणसाचं काय? इथे संशोधकांतही एकमत नाही. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातल्या 2015च्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की मोठी झालेली मांजरं सुरक्षिततेसाठी मालकावर अवलंबून असल्याची चिन्हं दाखवत नाहीत. चारच वर्षांनी अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासात सुमारे 64 टक्के पिल्लं माणसाशी सुरक्षित जवळीक असल्यासारखी वागली. मोठ्या मांजरांतही प्रमाण साधारण तेच निघालं. दोन्हींत परीक्षा होती ती अनोळखी खोलीत थोड्या मिनिटांची. त्यावरून मांजर माणसाचं की घराचं या वादाचा निकाल लावणं घाईचं होईल. मला अधिक वजनदार वाटतो तो ओहायो स्टेट विद्यापीठातला 2011चा अभ्यास. तिथे 32 मांजरं 77 आठवडे निरखली गेली. 20 मांजरांना मूत्राशयाच्या जुनाट दाहाचा विकार होता आणि 12 धडधाकट होती. सांभाळणारी व्यक्ती बदलली, खाण्याची वेळ चुकली, नेहमीचा हात फिरला नाही, की आजारी मांजरांइतकीच धडधाकट मांजरंही ओकू लागली, जेवण टाकू लागली, वाळू सोडून भलतीकडे घाण करू लागली. खोली तीच होती, पिंजरा तोच होता. बिघडला होता तो दिनक्रम. म्हणजे मांजराच्या घरात वासाइतकाच वेळापत्रकाचा आणि ते सांभाळणाऱ्या हाताचाही वाटा आहे. शिवाय, मांजर घर सोडत नाही म्हणणारे आपणच मांजरीण पिल्लांना सात घरं दाखवते असंही म्हणतो. जागेचा संशय आला की मांजरीण स्वतः बिऱ्हाड हलवते, एकेक पिल्लू मानगुटीला धरून, आणि नव्या आडोशाला तिची तक्रार नसते, कारण तिचं जे असतं ते सगळं तिथे आलेलं असतं.

हे मान्य केलं, तर सामान हलवण्याचा क्रम आपोआप बदलतो. पिंजरा, म्हणजे हल्ली ज्याला सगळे कॅरिअर म्हणतात तो, निघण्याच्या सकाळी माळ्यावरून काढायची वस्तू राहत नाही. बहुतेक मांजरांच्या आयुष्यात तो डॉक्टरकडे जातानाच दिसतो, आणि दिसताच मांजर पलंगाखाली पळतं. यात मांजराची काही चूक नाही. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठात 22 मांजरांवर झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निम्म्या मांजरांना काही आठवडे खाऊ देत देत पिंजऱ्याची सवय लावली. आधी नुसता खालचा भाग, मग वरचं झाकण, मग दार, मग थोडीशी गाडीतली फेरी. सवय झालेल्या मांजरांवर गाडीत ताणाची चिन्हं कमी दिसली आणि तपासणीही लवकर उरकली. कडक प्लास्टिकचा, वरचं झाकण वेगळं निघणारा पिंजरा यासाठी सोयीचा. तो हॉलच्या कोपऱ्यात उघडा पडून राहावा, त्यात जुना टॉवेल असावा, कधी सुकटीचा तुकडा सापडावा. महिनाभराने मांजर दुपारी तिथेच झोपलेलं दिसू लागतं. मग तो पिंजरा त्याच्या घराचाच भाग झाला, आणि तेवढं घर तर सीटवर ठेवून नेता येतं.

सामान बांधण्याच्या दिवशीचा धोका वेगळाच. पॅकर्सची चार माणसं आली की मुख्य दार दिवसभर उघडं राहतं, चिकटपट्टीचा कर्रकर्र आवाज चालू असतो, आणि घाबरलेलं मांजर घरातली सर्वांत अंधारी जागा शोधतं. फ्लॅटमध्ये ती जागा पुष्कळदा बॉक्स पलंग असते. प्लायच्या झाकणाखाली मागच्या बाजूला चार बोटांची फट असते आणि मांजराचं डोकं गेलं की बाकीचं मांजर जातं. तो पलंग बांधून लिफ्टमध्ये चढला तरी आत कोण आहे हे हमालांना कळण्याचं कारण नसतं. म्हणून पॅकर्स येण्याआधीच एक खोली, मोठं बाथरूमही चालेल, पूर्ण रिकामी करून मांजर, पाणी, वाळू आणि पिंजरा आत ठेवावा आणि दारावर ‘मांजर आत आहे, उघडू नका’ असा कागद मराठी-हिंदीत चिकटवावा. ही खोली सगळ्यात शेवटी रिकामी होते. मांजराच्या दृष्टीने घर बदलणं म्हणजे या छोट्या खोलीतून पिंजऱ्यात आणि पिंजऱ्यातून नव्या घरातल्या तशाच एका छोट्या खोलीत जाणं. मधे आपण कितीही किलोमीटर घातले तरी.

ज्या गाडीच्या प्रवासाची सगळ्यांना धास्ती असते तो भाग त्यामानाने सरळ आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. नागपूरला जायचं तर जून 2025मध्ये पूर्ण खुला झालेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे, म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी पोचता येतं. निघण्याआधी काही तास खाणं बंद ठेवलं की ओकारीचा त्रास कमी होतो. पाणी बंद करायचं नाही. पिंजरा पुढच्या सीटच्या मागे पायाजवळ घट्ट बसवावा, किंवा मागच्या सीटवर पट्ट्याने बांधावा, आणि तीन बाजूंनी पातळ पंचा टाकावा. बऱ्याच जणांना राहवत नाही आणि ते मांजर मांडीवर घेतात. बिचारं ओरडतंय, म्हणून. ट्रकचा हॉर्न वाजल्यावर तेच मांजर चालवणाऱ्याच्या पायाखाली, ब्रेकच्या पेडलपाशी शिरतं, किंवा फूडमॉलवर दार उघडताच गाड्यांच्या गर्दीत निसटतं. आत ओरडणारं मांजर सुरक्षित आहे; ओरडण्याने त्याचं काही बिघडत नाही, आपले कान तेवढे दुखतात. चिंता करायची ती तोंड उघडं टाकून धापा टाकणाऱ्या मांजराची, कारण मांजर कुत्र्यासारखं सहज जीभ काढून बसत नाही. उन्हात बंद गाडीत ठेवून चहाला जाणं तर नकोच. बंद गाडीच्या तापमानावर 2005 साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात तासाभरात आतलं तापमान सरासरी 22 अंश सेल्सिअसने चढलं. त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा थोड्या खाली ठेवूनही फरक पडला नाही. आपल्याकडे घरं बदलतात ती परीक्षा संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये. विदर्भाच्या वाटेवर हे आकडे पाठ असलेले बरे.

झोपेची गोळी देऊन टाकावी, हा सल्ला सर्रास मिळतो. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. गाबापेंटिन या औषधाची 20 मांजरांवर चाचणी झाली, ती 2017 साली प्रसिद्ध झाली. प्रवासाच्या दीड तास आधी औषध दिलेल्या मांजरांची भीती मालकांना स्पष्ट कमी वाटली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 साली प्रवासाच्या आणि दवाखान्याच्या भीतीवर मांजरांसाठी प्रीगाबालिनचं एक द्रावणही मंजूर केलं. पण ही औषधं भीती कमी करणारी आहेत, नुसती गुंगी आणणारी नव्हेत, आणि वजन व मूत्रपिंड तपासून डॉक्टरनेच द्यायची आहेत. घरातली माणसांची गोळी अंदाजाने द्यायचा प्रश्नच येत नाही. पॅरासिटामॉलची एक साधी गोळी मांजराच्या जिवावर बेतते. आणि औषधाने प्रवासाचे चार-सहा तास निभावतात. नव्या घरातले पहिले पंधरा दिवस त्यात येत नाहीत. खरी परीक्षा तिथेच असते.

नव्या घरी मांजराला सगळं घर ‘दाखवायची’ आपल्याला हौस असते. मांजराला ती हौस नसते. एक खोली, त्यात जुन्या वासाच्या वस्तू, खाणं एका टोकाला आणि वाळू दुसऱ्या टोकाला, आणि लपायला पुठ्ठ्याचं खोकं. या खोक्यावर नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या संशोधकांनी 2014 साली अभ्यास प्रसिद्ध केला. निवाऱ्यात नव्याने आलेल्या 19 मांजरांपैकी 10 मांजरांना लपायचं खोकं दिलं, 9 मांजरांना दिलं नाही. खोकं मिळालेली मांजरं तिसऱ्या-चौथ्या दिवशीच निवळली; बाकीच्यांना त्याच पातळीवर यायला दोन आठवडे लागले. पॅकर्स जाताना खोक्यांचा ढीग टाकून जातात, त्यातलं एक ठेवून घ्यायचं एवढंच. खोली उघडायची ती मांजर पोटभर खाऊ लागलं, शेपटी वर करून फिरू लागलं की. सलग दोन दिवस काहीच न खाणारं मांजर, विशेषतः जाड मांजर, डॉक्टरकडे न्यायलाच हवं, कारण उपासाने त्याच्या यकृतात चरबी साठून गंभीर आजार होतो. बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि ते काही तासांचं प्रकरण असतं. न्यूझीलंडमध्ये 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मूत्रमार्गाच्या विकाराशी जोडल्या गेलेल्या कारणांत नुकतंच बदललेलं घर हेही होतं.

आणि खिडक्या. न्यूयॉर्कच्या एका प्राणी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 1987 साली उंचावरून पडलेल्या 132 मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. उपचार झालेल्यांपैकी 90 टक्के जगली. या आकड्याचा आपल्याकडे भलताच दिलासा घेतला जातो. जी मांजरं खाली पडताच गेली ती रुग्णालयापर्यंत आलीच नव्हती, हे त्यात धरलेलं नाही. जी जगली त्यांच्याही छातीला, जबड्याला, पायांना मार होता. जुन्या घरात मांजराला गॅलरीची कड ठाऊक होती, नव्या घरात नाही. जाळी सामान येण्याआधी बसली पाहिजे. कबुतरांसाठी लावतात ती पातळ नायलॉनची जाळी जोरदार मांजर कुरतडू शकतं, तेव्हा जाळीवाल्याला मांजरासाठी हवी हे आधीच सांगावं.

‘नेलं तरी ते जुन्या घरी परत जाणारच’ हा आक्षेप पोत्यातून नदीपलीकडे सोडलेल्या आणि चौथ्या दिवशी चुलीपाशी आलेल्या मांजरांच्या गोष्टींवर उभा आहे. गावभर फिरणाऱ्या मांजराबाबत तो अगदीच खोटा नाही. घरातच वाढलेल्या मांजराची तऱ्हा वेगळी आहे. हरवलेल्या 1,210 मांजरांची माहिती 2018 साली प्रसिद्ध झाली, त्यात फक्त घरात राहणाऱ्या मांजरांपैकी तीन-चतुर्थांश सुटल्या जागेपासून 137 मीटरच्या आतच सापडली. बाहेर फिरणाऱ्यांसाठी तोच आकडा 1,609 मीटर होता. फ्लॅटमधलं मांजर निसटलं तर ते जुन्या पत्त्याकडे निघत नाही. ते जवळच्या जवळ दडतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. शोधायचं ते त्याच इमारतीत. जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, पंपाच्या खोलीमागे, उभ्या गाड्यांच्या खाली, रात्री वर्दळ थांबल्यावर टॉर्च घेऊन. मांजराला मायक्रोचिप असेल तर तिच्या नोंदीतला पत्ता-फोन निघण्याआधी बदलून घ्यावा. जुन्या फोनची चिप काही कामाची नाही.

मग सोडून जाण्याचं काय? गल्लीत चार घरी जेवणारं, रात्री स्वतःच्या मर्जीने येणारं मांजर असेल आणि उरलेली तीन घरं त्याला खरोखर घालत असतील, तर त्याला उपटून नेणं हा हट्ट ठरेल, हे मी मान्य करते. पण फ्लॅटच्या दाराबाहेर कधी न गेलेलं मांजर मागे ठेवणं म्हणजे त्याचा दिनक्रम, त्याची माणसं आणि बहुधा त्याच्या वासाच्या खुणाही एका दिवसात काढून घेणं. मागे उरतात त्या चार भिंती, ज्यांच्या आत त्याला प्रवेशही नसतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 याच्या कलम 11 प्रमाणे प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान 10 आणि कमाल 50 रुपये. फार पूर्वी ठरलेली ही रक्कम आज दोन वडापावांची आहे, तेव्हा कायद्याच्या धाकाने कोणी थांबेल ही अपेक्षा नको.

राहिला शेवटचा आक्षेप: एवढी उस्तवार करायला वेळ कोणाला आहे? दोन नोकऱ्या, शाळेचे दाखले, गॅसची बदली, त्यात मांजराचं वेळापत्रक! पण वर सांगितलेलं बहुतेक काम करण्याचं नसून न करण्याचं आहे. चादर धुवायची नाही, गोधडी फेकायची नाही, पिंजरा माळ्यावर ठेवायचा नाही, पहिल्या दिवशी सगळं घर दाखवायचं नाही. वेळ खर्च होतो तो जाळीत आणि एका खोलीच्या बंदोबस्तात. इमारतीभर रात्र-रात्र मांजर शोधण्यापेक्षा, किंवा तुंबलेल्या बोक्याला घेऊन अनोळखी शहरात रात्री दवाखाना हुडकण्यापेक्षा तो कमीच आहे. भाड्याचं घर पाहायला जाल तेव्हा भाड्याच्या बरोबरीने दोन गोष्टी विचारा: मांजर चालेल का, आणि जाळी बसवू द्याल का. दोन्ही उत्तरं करारात लिहून घ्या. दिवाळीच्या आठवड्यात फटाक्यांच्या धाकाने कोणतंच मांजर हलवू नये. पण येत्या उन्हाळ्यात घर बदलायचं ठरलं असेल, तर माळ्यावरचा पिंजरा याच दिवाळीच्या आवराआवरीत खाली काढा, दार उघडं ठेवून हॉलमध्ये ठेवून द्या, आणि फराळाचे डबे परत ठेवाल तेव्हा त्याला माळ्यावर पाठवू नका.